मानेत अडकलेली गोटी

बेळगावच्या शहापुरातलं आजोळचं घर विकलं तेव्हा माळ्यावरच्या सामानाचे मामांनी तीन ढीग केले: भंगार, देवळात द्यायचं, आणि "बघू". बघूच्या ढिगात काच फुटलेला एक प्रभाकर कंदील, दोन मापटी आणि गोटी सोड्याची एक बाटली होती. कंदिलाचा प्रश्न नव्हता, तो ओगलेवाडीचा. बाटली कुठली हे मात्र कुणाला सांगता येईना. रंग हिरवट-निळा, हातात घेतली तर वरवंट्यासारखी जड, आणि हलवली की मानेत गोटी खुळखुळायची. पोटावर कधीकाळी गोल शिक्का होता. तो इतका झिजलेला की बोटाला लागायचा, डोळ्याला दिसायचा नाही.

मामांचं मत ठाम. "कॅम्पातल्या गोऱ्या साहेबाची आहे ती." कुठल्या साहेबाची आणि ती आमच्या माळ्यावर कशी चढली, असं विचारलं की मामांना चहाची आठवण व्हायची. दोन वर्षं बाटली माझ्या पुण्याच्या घरी पुस्तकांच्या कपाटात उभी होती. शेवटी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिला आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं, गाडी काढली आणि कोल्हापुरातून मामांना उचललं. मामांचं वय 74. सोबत पानाचा डबा, टोपी आणि हिंग्वाष्टक.

पहिला दिवस: कोल्हापूर, निपाणी, बेळगाव

कागल सोडलं, कोगनोळीचा नाका गेला आणि पाट्या कन्नडमध्ये सुरू झाल्या. माणसं तीच, बोली तीच. निपाणीत गाडी लावून उतरलो तर वाऱ्यावर तंबाखूचा वास. मामांना निपाणी म्हटलं की 1981 चं तंबाखू आंदोलन आठवतं. शरद जोशींच्या मागे शेतकऱ्यांनी हमरस्ता अडवून धरला होता आणि शेवटी 6 एप्रिलला गोळीबार झाला. मामा तेव्हा नोकरीच्या गावाहून घरी यायला निघाले होते, ते वाटेत अडकले. हे मी किमान दहा वेळा ऐकलंय. अकराव्यांदा ऐकता ऐकता सोड्याचा गाडा दिसला.

गाडा म्हणजे ओल्या गोणपाटाखाली बर्फात आडव्या टाकलेल्या बाटल्या. जिरा, लिंबू, ऑरेंज. गाड्यावरच्या माणसाने अंगठ्याने गोटी दाबली, फट्ट करून आवाज आला आणि फेस वर आला. उन्हातून आल्यावर त्या आवाजानेच निम्मी तहान भागते. 20 रुपये. मी घाईने बाटली तोंडाला लावली आणि गोटी परत येऊन तोंड बंद! मामा हसत सुटले. मानेला एका बाजूला दोन खळगे असतात, ती बाजू खाली धरून प्यायचं, म्हणजे गोटी तिथं अडकून बसते. पुण्यात प्लास्टिकच्या बाटलीतला सोडा पिऊन हे ज्ञान गेलेलं.

मी लुगडं उलगडलं. गाडेवाल्याने आमची बाटली एका हातात, त्याची एका हातात, अशी तोलली. "ही आमच्यातली न्हवं वो. आमची बघा किती हलकी." त्याच्या बाटल्या उत्तर प्रदेशातून येतात, एवढं त्याला ठाऊक होतं. हाथरसजवळच्या सासनी गावात अजून या बाटल्या होतात, तिकडच्याच त्या असाव्यात. त्याने आणखी एक गोष्ट दाखवली, जी माझ्या दोन वर्षांत लक्षात आली नव्हती. साच्याची उभी शिवण आमच्या बाटलीच्या खांद्यावरून मानेपर्यंत येते आणि ओठाखाली संपते. म्हणजे ओठाचं कडं नंतर, वेगळ्या गरम काचेचं चढवलेलं. गोटी आधी आत टाकायची आणि मग कडं बसवायचं. त्यामुळे आत गेलेली गोटी बाटली फोडल्याशिवाय बाहेर येत नाही.

"म्हणूनच तर फोडायचो," मामा म्हणाले. गल्लीतली सगळी पोरं या गोट्यांच्या मागे. साध्या गोट्यांपेक्षा ही मोठी आणि गुळगुळीत, खेळात तिचा मान वेगळा. मामांनी दोन फोडल्याची कबुली दिली. "आणि तिसरीचा मार फुकट खाल्ला. थोरल्या ताईच्या लग्नात सोड्याचे क्रेट आणले होते. परत देताना एक बाटली कमी भरली. डिपॉझिट कापलं आणि आबांनी मला मांडवाच्या खांबाला धरून सडकला. मी हात लावला नव्हता, शप्पथ." गाडेवाल्याने लगेच आमच्या रिकाम्या बाटल्या उचलून क्रेटमध्ये टाकल्या. मला वाटतं गोष्ट ऐकूनच.

पुढे तवंदीचा घाट उतरून संकेश्वरला मिरच्या घेतल्या. अंधार पडता पडता बेळगावात शिरलो.

जाणाऱ्यांसाठी: एसटीने जाणार असाल तर निपाणीपर्यंत महाराष्ट्राच्या गाड्या भरपूर, तिथून पुढे कर्नाटकच्या. पाटी वाचता येत नसेल तर कंडक्टरला मराठीत विचारा, मराठीतच उत्तर येतं. जुनी काचेची वस्तू नेत असाल तर डिकीत ठेवू नका, मांडीवर ठेवा. आमच्या मिरच्या डिकीत होत्या आणि घरी येईपर्यंत त्यांचा निम्मा चुरा झाला.

दुसरा दिवस: कॅम्प, खडेबाजार आणि चुन्याची डबी

सकाळी मामांच्या साहेबाच्या शोधात कॅम्पात. बेळगावची छावणी 1830 च्या दशकातली. झाडांच्या कमानी, लांबरुंद आवारं, आणि 1869 चं सेंट मेरीज चर्च. काळ्या दगडाचं, उंच कमानींचं, आत पाऊल ठेवलं की बाहेरचं ऊन विसरायला लावणारं. मामा मूळचे या गावाचे, पण चर्चच्या आत पहिल्यांदाच आले. बाकावर बसून म्हणाले, "एवढ्या उन्हात कोट घालून बसायचे म्हणजे सोडा लागणारच की."

त्यात तथ्य आहे. सोडावॉटर आपल्याकडे आलं ते छावण्यांच्या आणि साहेबांच्या मागोमाग. पाणी कुठलं पितोय याची धास्ती, आणि व्हिस्कीत घालायला काहीतरी हवं. मग मुंबई-पुण्यात पारशांनी तो धंदा हातात घेतला. पुण्याच्या कॅम्पातला आर्देशीरचा सोडा 1884 पासूनचा, मुंबईचं ड्यूक्स 1889 चं. पण कॅम्पात बाटलीबद्दल सांगणारं कुणी भेटलं नाही. एका बेकरीत गरम पॅटिस मिळालं, एवढीच त्या सकाळची कमाई. लष्करी हद्दीत फोटो काढायला जाऊ नका. मी मोबाइल नुसता वर केला तर पहारेकऱ्याने दुरूनच मान हलवली.

दुपारी खडेबाजारात भांडीवाल्यांना, अत्तरवाल्याला, एका घड्याळजीला बाटली दाखवत फिरलो. प्रत्येकाने ती हलवून गोटी वाजवली. प्रत्येकाला स्वतःची एकेक आठवण होती आणि ती पूर्ण ऐकल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. घड्याळजींनी मात्र नेमका पत्ता सांगितला: मागच्या गल्लीत एक म्हातारे अजून गोटी सोडा भरतात.

घराच्या पुढच्या खोलीतच कारखाना. ओली फरशी, कोपऱ्यात गॅसचा सिलिंडर, भिंतीला क्रेटांची थप्पी आणि मधोमध लोखंडी यंत्र. "बसा की. कुठनं आलासा?" विचारत काकांनी हातातलं काम चालूच ठेवलं. बाटलीत आधी रंगीत पाक, मग गार पाणी. ती यंत्राच्या पेटीत अडकवायची, झाकण लावायचं, गॅस सोडायचा आणि दांडा धरून सगळी पेटीच गरागरा फिरवायची. बाटली उलटी झाली की गोटी घरंगळून तोंडाशी येते, आतला गॅस तिला ओठातल्या रबराच्या कड्यावर दाबून धरतो. झालं. बूच नाही, पत्र्याचं झाकण नाही. सोडा स्वतःच स्वतःचं दार लावून घेतो. काकांचा नातू चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा आणि हातात गोणपाट घेऊन भरलेल्या बाटल्या काढत होता. भरताना बाटली फुटते. काकांच्या मनगटावर त्याचा व्रण आहे.

वडिलांच्या काळात सिलिंडर नव्हता, तेव्हा खडूची पूड आणि गंधकाचं आम्ल एकत्र करून गॅस घरीच करायचे, असं ते म्हणाले. आणि गावात मोर्चा निघणार असं कळलं की वडील आधी क्रेट आत घ्यायचे. सीमा आंदोलनाच्या दिवसांत तर हे नेहमीचं. दगड आणि सोड्याची बाटली, जमावाच्या हाताला या दोनच गोष्टी पटकन लागायच्या.

आमची बाटली त्यांनी उजेडात धरली, नखाने ओठ तपासला, वाळलेल्या रबराचा तुकडा सायकलच्या तारेने काढला. मग खिशातून तंबाखूची डबी काढली. मला वाटलं मळायला घेतायत. त्यांनी बोटावर चुना घेतला आणि बाटलीच्या पाठीवर, अगदी बुडाजवळ चोळून कोरड्या फडक्याने वरचेवर पुसला. खळग्यांत चुना राहिला आणि पांढरी बारीक इंग्रजी अक्षरं उठली. डॅन रायलँड्स. बार्न्सली.

मामा खुर्चीतून उठलेच. "बघ! साहेब!"

"साहेबच खरा, खरं हितला न्हवं," काका म्हणाले. (बेळगावात 'खरं' म्हणजे 'पण'. माझ्या पुणेरी कानाला अजून क्षणभर लागतो.) ते नाव बाटली करणाऱ्याचं. भरणाऱ्याचं नाव पोटावर असतं, आणि ते क्रेटात एकमेकींवर घासून गेलंय. चुना लावूनही तिथं काही उठलं नाही. काकांच्या वडिलांकडे असल्या काही जाड बाटल्या होत्या. विलायती काच साठ-सत्तर वर्षं टिकायची. एकाचं नाव असलेली बाटली दुसरा भरायचा, तिसरा विकायचा. "नावावर कोण जातंय? बाटली ज्याच्या क्रेटात, त्याची."

मी विचारलं, हिच्यात एक सोडा भरून द्याल का? ओठाला बारीक तडा होता. त्यांनी तो माझ्या बोटाने मला दाखवला आणि बाटली परत लुगड्यात ठेवली.

बाहेर पडलो तोच वळीव. आधी धूळ, मग टपोरे थेंब, मग गारा. दहा मिनिटांत गल्लीचा ओढा झाला. एका मिठाईच्या दुकानाच्या पायरीवर पाऊण तास उभे होतो, अर्थातच कुंदा खात. कुंदा जितका काळपट तपकिरी तितका चांगला, असं मामांचं म्हणणं. दूध तेवढा वेळ आटलेलं असतं. पांढरट दिसला तर घेऊ नका. मांडे घ्यायचे असतील तर सगळ्यात शेवटी घ्या, प्रवासात त्यांचंही मिरच्यांसारखंच होतं.

रात्री लॉजवर मोबाइल घेऊन बसले. मानेत गोटी असलेल्या बाटलीचं पेटंट हायरम कॉड या इंग्रज माणसाचं. 1870 ला पहिलं, 1872 ला खळग्यांची मान असलेली सुधारित बाटली. बार्न्सली हे यॉर्कशरमधलं कोळशाचं गाव. तिथल्या रायलँड्स बापलेकांच्या काचकारखान्यात कॉडची भागीदारी होती आणि डॅन हा त्यातला लेक. कारखाना त्याच्या नावावर चालला तो 1880 च्या दशकात. मी आकडा मोठ्याने वाचला. मामा अंधारातूनच म्हणाले, "म्हणजे माझ्या आज्याच्याही आधीची." मग बराच वेळ दोघंही जागे होतो.

तिसरा दिवस: लोंढा, कॅसलरॉक, खानापूर

बाटली यॉर्कशरहून बेळगावात आली कशी, यावर नाश्त्यालाच वाद झाला. मामा वेंगुर्ल्याच्या बाजूचे. रेल्वेआधी बेळगावच्या छावणीचं बंदर वेंगुर्ला. माल तिथं उतरायचा आणि बैलगाड्यांनी घाट चढून यायचा. शहरातून हिंडलग्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आजही वेंगुर्ला रोडच म्हणतात. मी रेल्वेच्या बाजूची. 1878 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीजांचा तह झाला, त्यातून मुरगाव बंदरापासून घाट चढणारी लाइन निघाली आणि 1888 मध्ये ती कॅसलरॉकला इकडच्या सदर्न मराठा रेल्वेला मिळाली. काच बैलगाडीने घाटातून आणण्यापेक्षा आगगाडीने आणणं कोणत्याही व्यापाऱ्याला परवडणारं. मामा म्हणाले, "1888 लाच किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं." याचा वादाशी काही संबंध नव्हता, पण हरताना ते असंच करतात.

म्हणून कॅसलरॉक. खानापूर मागे टाकलं आणि मलप्रभेनंतर झाडी दाट होत गेली. लोंढा, रामनगर, तिनईघाट. रस्त्याकडेला पानांच्या द्रोणांत करवंदं आणि जांभळं. कॅसलरॉक तसं उत्तर कन्नड जिल्ह्यात, पण हवा पार वेगळी. काल गारा, आज धुकं. पोर्तुगीज राज्य होतं तोवर इथं सरहद्द होती आणि गोव्याकडून येणाऱ्या मालाची जकात इथंच तपासली जायची. आता शांत, ओलं स्टेशन. पलीकडे लाइन एकदम खाली झेपावते. चढ असा की दर 37 फुटांना एक फूट. मालगाडी आली तेव्हा तिला पुढे-मागे इंजिनं जोडलेली होती. मामा बाटली मांडीवर घेऊन बाकावर बसले होते. गाडी जवळून गेली तशी मानेतली गोटी थरथरून काचेवर वाजायला लागली. गाडी वळणाआड जाईपर्यंत वाजत होती. "ओळख पटली बघ हिला," मामा म्हणाले. वेंगुर्ल्याचा मुद्दा त्यांनी पुन्हा काढला नाही.

इथवर येणाऱ्यांना एकच सांगणं: रुळांवरून दूधसागरपर्यंत चालत जायचा मोह नको. ते बेकायदा आहे, बोगदे अरुंद आहेत, आणि मेमध्ये धबधब्याला पाणीही फार नसतं. स्टेशनाजवळ खायला फारसं मिळत नाही, रामनगरलाच खाऊन निघा.

मुक्काम खानापूरला आक्काकडे. आक्का म्हणजे माझी मधली मावशी, मामांहून चार वर्षांनी मोठी. आम्ही पोचलो तेव्हा चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या, काळ्या वाटाण्याची आमटी, फणसाची भाजी, आणि सोलकढी इतकी गुलाबी की मी फोटो काढला. जेवणं झाल्यावर ओसरीवर बसलो. मामा रंगात आले होते. कॉड, बार्न्सली, मुरगाव बंदर, छावणी, सगळं आक्काला सांगून झालं. ती सुपारी कातरत ऐकत होती. शेवटी मी लुगडं उलगडून बाटली तिच्यापुढे ठेवली.

आक्काने अडकित्ता खाली ठेवला. बाटलीकडे बघितलं, मग मामांकडे.

"ही अजून हाय?"

"तुला माहितेय ही?"

"मीच ठेवल्ली की माळ्यावर. ताईच्या लग्नात." ती अगदी साधेपणाने बोलत होती, कालचं काहीतरी सांगावं तशी. "गोटी पायजे होती मला. तुम्ही पोरं मला खेळायला घेत न्हवतासा. लपवली, मग फोडायचं धाडस न्हाई झालं. आवाज झाला असता. मग आबांनी तुला धरलं..."

ओसरीवर कुणी बोलेना. लांब कुठेतरी बेडूक सुरू झाले होते.

"आक्का," मामा म्हणाले, "सहासष्ट वर्षं झाली."

"मग? आता सांगितलं न्हवं?"

मामांनी टोपी काढली, परत घातली. त्यांना राग आला होता की हसू, ते मला त्या उजेडात कळलं नाही. बहुतेक त्यांनाही. आक्काने बाटली ओढून घेतली, तिरकी केली, करंगळी आत घालून गोटी ढकलून बघितली. गोटी दोन खळग्यांवर टेकून थांबली.

"अजून निघंना काय रे ही," ती म्हणाली.

चौथा दिवस: परत

बाटली आक्काकडेच ठेवली. तिने मागितली नाही आणि आम्ही विचारलं नाही; सकाळी ती खिडकीत उभी होती, तुळशीच्या मंजिऱ्या घालून. बदल्यात गाडीत एक फणस, पायलीभर तांदूळ आणि काजूची पिशवी आली.

हमरस्त्याला लागल्यावर हत्तरगी जाईपर्यंत मामा गप्प होते. निपाणीला म्हणाले, थांब. तोच गाडा, तोच माणूस. मामांनी जिरा सोडा घेतला, खळगे खाली धरून सावकाश प्याले, रिकामी बाटली फडक्याने पुसून गाड्यावर उभी ठेवली.

"मोजून घ्या," त्याला म्हणाले.